सांगली लोकसभा २०२४ : गावनिहाय मतं कशी काढायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या काकांशी पैज लागलीय, म्हणून हा खटाटोप.

२०२४ ला सांगलीत विशाल पाटील लाखभर मतांनी अपक्ष निवडून आले, दोन वेळचे खासदार संजयकाका पाटील पडले, आणि आघाडीचे अधिकृत उमेदवार पैलवान चंद्रहार पाटील साठ हजारांच्या आसपासच थांबले. तिघंही पाटीलच, त्यामुळे पारावर नुसतं आडनाव घेऊन चालत नाही! काका म्हणतात, आपल्या तासगाव भागाने शेवटपर्यंत संजयकाकांनाच साथ दिली. माझं म्हणणं, लिफाफा (विशाल पाटलांचं चिन्ह) आमच्या वाडीवरही चालला.

विधानसभानिहाय आकडे मिळाले. मतदान केंद्रनिहाय आकड्यांसाठी फॉर्म २० (निवडणूक निकालाचा अधिकृत तक्ता) उतरवून घेतला, पण तो स्कॅन केलेला, तिरका, आणि त्यात गावाचं नाव नाही, फक्त केंद्र क्रमांक. रात्री चष्मा लावून वडिलांनी आणि मी चाळीस ओळी वहीत उतरवल्या, बेरीज जुळेना. टपाली मतं शेवटी वेगळी असतात हे नंतर कळलं.

तर दोन गोष्टी सांगा. केंद्र क्रमांकावरून गाव ओळखायला २०२४ चीच केंद्रयादी कुठे मिळेल? आणि २०१९ शी तुलना करायची तर केंद्रांचे क्रमांक तेच राहतात का? तेव्हा गोपीचंद पडळकरांनी वंचितकडून तीन लाख मतं घेतली होती, ती २०२४ ला कुठे वळली हेही बघायचंय.

कुणी असं एक्सेलमध्ये केलं असेल तर कृपया पद्धत सांगा. पैज मटणाची आहे.