वस्तीत ३० ची लिमिट, ४७ चं चलान आलंय. भरायचं की तक्रार करायची?

खामलेकर:
नमस्कार मंडळी. परवा मोबाईलवर ई-चलान आलं, ओव्हरस्पीड, दोन हजार रुपये. उघडून पाहिलं तर गाडी आमचीच, फोटोत नंबर प्लेट साफ दिसते, स्पीड ४७ आणि लिमिट ३०. जागा म्हणजे नागपुरात खामल्याकडून आत वस्तीतून जाणारा सिमेंट रोड, दोन्ही बाजूनं घरं, मधात एक बगीचा. गाडी लहान भाऊ चालवत होता, तो म्हणते ३० चा बोर्ड कुठंच नव्हता आणि सकाळचा रोड रिकामा होता. बाबा म्हणतात गपचूप भरा अन् मोकळे व्हा, कारण गाडी त्यांच्या नावावर आहे. पैशाचं मला तेवढं नाही पण शहरात कारला ७० चालते असं ऐकलं होतं, मग ही ३० आली कुठून? आणि बोर्ड नसेल तर चलान टिकते का? ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनीच सांगा, फॉरवर्ड नको प्लीज.

सदर_बाजार:
सगळ्यात आधी हे बघा की चलान खरं आहे ना. व्हॉट्सॲपवर चलानच्या नावानं एपीके फाईल, म्हणजे खोटं ॲप, येते, ती टाकली की खातं साफ. मेसेजमधली लिंक सोडा, महाट्रॅफिकच्या सरकारी साईटवर किंवा ॲपमध्ये स्वतः जाऊन गाडी नंबर टाका, तिथं दिसलं तरच खरं.

खामलेकर:
हो दादा, ॲपमध्येच पाहिलं, तिथं आहे.

काळाकोट_सिव्हिललाइन्स:
मोटार वाहनाच्या केसेस नेहमी बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही ऐकलेलं ७० चुकीचं नाही, २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत महापालिका हद्दीत कारला ७० आणि मोटारसायकलला ६० आहे, पण ती वरची हद्द झाली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२ (२) प्रमाणे राज्य सरकार किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी एखाद्या रस्त्यापुरती त्याहून कमी लिमिट ठरवू शकतो, वस्ती आहे, शाळा आहे, अशा कारणानं. मात्र त्याच कलमात असंही आहे की अधिसूचना काढायची आणि कलम ११६ खाली तिथं चिन्ह लावायचं. म्हणून भावाचा बोर्डाचा मुद्दा फालतू नाही, कायद्यात त्याला जागा आहे.

दुसरं, कॅमेऱ्यानं पकडलं असेल तर २०२१ मध्ये आलेला नियम १६७-अ बघा. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र लागते आणि ते दर वर्षी नवीन करावं लागते, कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचना फलक लागतो, आणि नोटीस घटनेपासून १५ दिवसांच्या आत यायला पाहिजे. नोटिशीवर तारीख, वेळ, जागा, मोजलेला स्पीड आणि फोटो असतो, तो एकेक करून ताडून बघा. दंडाचं म्हणाल तर कलम १८३ मध्ये छोट्या गाडीला हजार ते दोन हजार आहे, आणि दुसऱ्यांदा सापडलं तर लायसन्स जप्त होऊ शकते, तेव्हा भावाला हे नीट सांगा.

माझं मत, बोर्ड खरंच नाही याचा फोटो हातात असेल तर तक्रार टाका. नुसतं "दिसला नाही" यावर टाकू नका.

बेसा_रायडर:
भाऊ मी तर म्हणतो भरू नका. वर्धा रोडवर लोकं ९० नं जाऊन राहिले त्यांना कोणी विचारत नाही आणि वस्तीत ४७ वाल्याला दोन हजार? ४७ म्हणजे काही उडवत नव्हता तो.

स्वावलंबीनगरची_आई:
बेसा_रायडर दादा, वर्धा रोडवर कोणाचं दार रस्त्यावर उघडत नाही, आमच्याकडे उघडते. आमच्या समोरचा रोड आधी डांबरी होता, खड्ड्यांपायी गाड्या आपोआप हळू जायच्या, सिमेंटचा झाला तेव्हापासून तोच रोड सगळ्यांना शॉर्टकट झालाय आणि दुपारी पोरांना फाटकाबाहेर सोडायची भीती वाटते.

मी शाळेत फिजिक्स शिकवते, आकडे करून दाखवते. ३० ला गाडी सेकंदाला आठ मीटरच्या थोडी वर जाते. पोरगं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, मग कोरड्या रोडवर थांबायला अजून पाच एक मीटर, म्हणजे १३-१४ मीटरमध्ये गाडी उभी. ४७ ला त्या पहिल्या एका सेकंदातच १३ मीटर जातात. म्हणजे ३० वाली गाडी जिथं थांबलेली असते तिथं ४७ वाल्याचा पाय नुकता ब्रेकवर पडतोय, गाडी अजून पूर्ण स्पीडमध्ये आहे. थांबायला त्याला २५ मीटर लागतात. रोड रिकामा होता म्हणता, पण बॉल आधी येतो आणि पोरगं त्याच्या मागून येते, उभ्या केलेल्या दोन गाड्यांच्या मधून, ते आधी दिसतच नाही. बोर्ड नसेल तर जरूर भांडा, बोर्ड लागलाच पाहिजे, पण ३० जास्तच कमी आहे असं म्हणू नका.

खामलेकर:
ताई, हे भावाला वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही. आज संध्याकाळी दोघं जाऊन आलो. बोर्ड आहे. मेन रोडकडून वळलं की लगेच डाव्या हाताला, पण त्याच्यासमोर कोणाच्या तरी वाढदिवसाचं फ्लेक्स विजेच्या खांबाला बांधलंय, फक्त लाल गोलाची खालची कड दिसते. आणि भाऊ तिकडून आलाच नव्हता, तो मधल्या गल्लीतून निघाला, तिथं काहीच नाही. आता काय करावं?

काळाकोट_सिव्हिललाइन्स:
मग फ्लेक्सचा मुद्दा तुमच्या कामाचा नाही, गल्लीचा आहे. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून ड्रायव्हरच्या सीटवरून काय दिसते त्याचा फोटो घ्या, तिथून कॅमेऱ्याच्या जागेपर्यंत मोबाईलवर सलग व्हिडिओ घ्या. ॲपमध्ये तक्रारीचा ऑप्शन आहे, तिथं चलान नंबर टाकून दोन ओळीत लिहा, भावनिक काही नको. तक्रार बाबांच्या नावानं करा कारण आरसी त्यांची आहे. नाही मानली तर भरून टाका, लोकअदालतीची वाट बघत ठेवू नका.

स्वावलंबीनगरची_आई:
आणि फ्लेक्सचा फोटो वेगळा काढून मनपाच्या झोन ऑफिसला द्या, तुमच्याकडे लक्ष्मीनगर झोन लागेल. सोबत गल्लीच्या तोंडाशी बोर्ड मागा. अर्जावर बगीच्याजवळच्या चार-पाच घरांच्या सह्या घ्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

खामलेकर:
सह्या उद्याच घेतो. बाबा तयार आहेत, तक्रार रात्री टाकतो.