टायफॉइडने आतडं फुटलं, पोटावर पिशवी आहे. माहिती हवी (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, भाच्यासाठी विचारतोय. वय १९, शिरोळ तालुका.

ताप दोन आठवड्यांच्या वर चालला होता. गावात सलाइन, इंजेक्शनं झाली; उतरायचा, परत चढायचा. मग एका रात्री पोटात अचानक अशी कळ आली की पोरगं पाय पोटाशी घेऊन पडलं, कुणाला हात लावू देईना. पोट लाकडासारखं कडक. कोल्हापुरात आणल्यावर उभ्याने एक्स-रे काढला, तर छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवा. सर्जन म्हणाले, आतडं फुटलंय, आत्ताच पोट उघडायला पाहिजे.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागात दोन भोकं निघाली, पोटात पू आणि घाण. तेवढा तुकडा काढून आतड्याचं तोंड उजव्या बाजूला पोटावर काढलंय (इलिओस्टॉमी), विष्ठा तिथे लावलेल्या पिशवीत पडते. आता ताप नाही, घरी आलाय. जीव वाचला हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं सगळं तक्रारीसारखं वाटेल.

दाजींचं म्हणणं, भावकीतल्या एकाला असंच झालं होतं, त्याला नुसते टाके घातले. मग आमच्याच पोराला पिशवी का? त्यांना महिन्याच्या आत दुसरीकडे नेऊन तोंड बंद करून घ्यायचंय. सर्जननी दोन-तीन महिने थांबा सांगितलंय.

त्यात पिशवीत सगळं पाण्यासारखं पडतं, कडेने झिरपतं, भोवतीची कातडी सोलवटलीय. आक्का खोबरेल लावते, मग पिशवी धरून ठेवणारी प्लेट कातडीला चिकटत नाही. पिशवी भरू नये म्हणून पोरगं जेवणच टाळतंय, आणि घरात ताकदीसाठी रोज पांढरा रस्सा! चालेल का हे?

गावठी_सर्जन:
दाजींना एवढंच सांगा: टाके की पिशवी, हे पोट उघडल्यावर ठरतं. टायफॉइडचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या गाठींमध्ये बसतात, तिथे व्रण होतात आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात एखादा आरपार जातो. भोक एकच, पेशंट लवकर आलेला, पोट फारसं घाण नाही, तर कडा साफ करून टाके घालतात. भोकं जास्त, पू झालेला, आतडं सुजून नाजूक झालेलं, बीपी खाली, अशा वेळी जोडलेले टाके सुटले तर विष्ठा परत पोटात पसरते. तो धोका नको म्हणून पिशवी. भावकीतल्या पेशंटचं पोट आतून कसं होतं ते आपल्याला ठाऊक नाही.

घाई मात्र करू नका. आत सूज असते, आतडी एकमेकांना चिकटलेली असतात. लवकर उघडलं तर सोडवताना नवीन भोक पडू शकतं. वजन, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) सुधारू द्या. काढलेल्या तुकड्याचा बायोप्सी रिपोर्ट आला का, विचारा. त्याच जागी टीबीही होतो.

चोवीस तासांत पिशवीत किती पडतं ते मापाच्या भांड्याने मोजा. दीड लिटरच्या वर असेल तर फोन नको, दाखवायलाच न्या. मीठ-पाणी कमी होऊन किडनीवर येतं. नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा ओआरएस घोट-घोट. जेवण टाळून पातळपणा कमी होत नाही, अशक्तपणा तेवढा वाढतो.

कागलची_काकू:
माझ्या मिस्टरांना होती पिशवी. तेल एकदम बंद करा. साध्या कोमट पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, सोललेल्या जागी स्टोमा पावडर (स्टोमा म्हणजे पोटावरचं हे तोंड), जास्तीची झटकून मग प्लेट. प्लेटचं भोक मोठं कापलं की कातडीवर पाणी साचतं. तोंड आधी सुजलेलं असतं, नंतर आक्रसतं, म्हणून दर वेळी मापून कापा. भोवती दोन-तीन मिलिमीटरच मोकळं ठेवायचं. पिशवी तिसरा भाग भरली की रिकामी करा, वजनाने सुटते.

मऊ भात, केळं, दही, अंडं चाललं. रश्श्यातलं मटण मऊ शिजवून थोडं द्या, पण तेल-तिखट नको. मक्याचं कणीस, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे अजिबात नकोत, अडकतात.

गावठी_सर्जन:
काकूंचं बरोबर. पोटावरचं तोंड लालबुंद, ओलसर असायला हवं. काळपट पडलं, किंवा पिशवीत काहीच येईना आणि पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असली तरी निघा. बरा झाल्यावरही काही दिवस विष्ठेतून जंतू जातात, तेव्हा पिशवी रिकामी केल्यावर आक्कांनी साबणाने हात धुवायचे आणि घरात पाणी उकळून प्यायचं.

धागाकर्ता:
आभारी आहे दोघांचा. दाजींना वाचून दाखवलं. "मोजायचं भांडं कुठलं घ्यायचं?" एवढंच विचारलं त्यांनी. दुसऱ्या ऑपरेशनला महात्मा फुले योजना लागू होते का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून इथे लिहितो.