ढेप (सरकीची पेंड) परवडत नाही. ज्वारी पेरायची का ढोरं विकायची?

वावरवाला (दर्यापूर): काल ढेपीचं ५० किलोचं पोतं सतराशेला आणलं. म्हशीला दिवसाला साडेतीन किलो ढेप म्हणजे १२० रुपये तिथंच गेले, दूध सहा लिटर, कुटार (मळणीतला भुसा), कडबा अन् घरच्यांची मजुरी कुठं धरायची ते सांगा. सरकी आपल्याच वावरातली, अकोल्याच्या मिलीतून फिरून आपल्याच डोक्यावर. आमचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारट, नेपियर गवत लावा म्हणणारे सायेब एकदा येऊन ते पाणी पिऊन पाहा म्हणा. पण खरं सांगू का, चूक आपलीच हाय. बापाच्या काळी खळ्यात कडब्याची गंजी घरापेक्षा उंच असे, आता शिवारभर सोयाबीन. एक एकर ज्वारी पेराच.

मोर्शीवाला: पेरून पाह्यली भाऊ. अर्ध्या एकरासाठी महिनाभर मचाणावर टीनाचा डबा वाजवत बसलो, तरी रोही (नीलगाय) अन् डुकरं जेवून गेले. उरलेली सोंगायला माणूस भेटत नाही. २०२५-२६ चा हमीभाव पाहा, क्विंटलला संकरित ज्वारी ३६९९, सोयाबीन ५३२८. कोण पेरंल?

वावरवाला: सोयाबीनचा हमीभाव कागदावर. २०२४ ला ४८९२ होता अन् आपण चार हजाराच्या आसपास विकलं, विसरले काय?

आर्वीची लेक: तुम्ही दोघं भावावरच भांडता, गव्हाण मी भरते. तुरीचं, हरभऱ्याचं कुटार गाय चाटूनपुसून खाते. सोयाबीनचं टाकलं की नाकानं फुरफुर करून बाजूला सारते, शेंगाच्या फोलाचे टोक तोंडात रुततात. गुळाचं पाणी शिंपडलं तर थोडं खाते, पण गूळ काय फुकट येतो? माहेरी गवळाऊ गाय होती, दूध कमीच पण दिवसभर चरून येई, ढेपीचं नाव नाही. आता चारायचं कुठं, ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर, तर घरं झाली.

ट्रॅक्टरप्रेमी: एवढी कटकट कशाले, बैल विका, भाड्यानं ट्रॅक्टर लावा. बैल सहा महिने बसून खाते.

वावरवाला: घेते कोण? २०१५ च्या कायद्यानं बैलाचीही कत्तल बंद, तवापासून म्हातारा बैल बाजारात नेला की संध्याकाळी तसाच परत. विकून मोकळं व्हायला तो काय मोबाइल हाय?

गोंदियाकर: आमच्याकडं धानाचं तणस भरपूर. १०० किलोला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडा, २१ दिवस हवाबंद झाका, जनावरं चांगलं खातात.

आर्वीची लेक: दादा, हे असं अर्धंच लिहू नका. लहान वासराला द्यायचं नाही, अन् तो युरियाचा टोपला गाईच्या तोंडाला लागला तर जीव जाते. आधी डॉक्टरला विचारा म्हणावं.

वावरवाला: मी तर यंदा धुऱ्यालगत (बांधालगत) चार ओळी ज्वारी टाकतोच. कणीस नेलं डुकरानं तर नेलं, धांडे तर राहतील.

मोर्शीवाला: डुक्कर धांडा आडवा पाडूनच खाते राजेहो. तुरीचं कुटार हाय माझ्याकडं, बंडी घेऊन या, भाव घरी बसून करू.