साठीनंतरची साडी: रंग ठरवायचा कोणी?

सुरंगी (वेंगुर्ले)

बाईची साठी उलटली की तिच्या कपाटातून रंग कमी होऊ लागतात, आणि ते तिने आपल्या खुशीनेच कमी केले असे सगळे गृहीत धरतात. माझे म्हणणे असे की त्यात तिची खुशी फार थोडी असते. आधी मुली-सुना म्हणतात की हा जांभळा तुम्हांला आता भडक दिसतो. मग दिवाळीला आणि गौरी-गणपतीला येणाऱ्या साड्या राखाडी, बदामी, फिकट निळ्या होत जातात. आणि काही वर्षांनी दुकानदारही न विचारता तोच गठ्ठा पुढ्यात टाकतो. नवरा गेलेला असेल, तर मग विचारण्याचा प्रश्नच येत नाही.

कोकणातल्या माणसाने तरी हे हलक्यात घेऊ नये. याच किनाऱ्यावर कोवळ्या वयाच्या विधवांचे केशवपन करून त्यांना उरलेला जन्म आलवणात, म्हणजे विधवेसाठी ठरवून दिलेल्या एकरंगी लुगड्यात, काढायला लावले जात होते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. केशवपन गेले, आलवणही गेले. परंतु बाईने काय ल्यावे हे तिच्या नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर ठरवण्याची खोड गेली नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. म्हणजे परवापरवापर्यंत हे सांगण्याची गरज होती, आणि माझ्या मते ती आजही आहे.

गेल्या वैशाखात घरच्याच एका लग्नात मी आमरसाच्या रंगाची, तांबड्या काठांची इरकली साडी नेसले होते. ब्लाउज काळ्या खणाचा होता आणि अंबाड्यावर अबोलीचा वळेसर. नात्यातल्या एका बाईंनी मला हाताला धरून बाजूला नेले आणि लोक काय म्हणतील याचा तरी विचार करा, असे सांगितले. त्या माझ्या काळजीनेच बोलल्या असतील. पण माझ्याच वयाचे पुरुष त्या मांडवात गुलाबी फेटे बांधून मिरवत होते, आणि त्यांच्यापैकी एकालाही कोणी बाजूला नेले नव्हते.

माई (गुहागर)

सुरंगीताई, मुरूडविषयी आणि हेरवाडविषयी आपले दुमत नाही. मात्र फिका रंग दिसला की त्यामागे दडपणच असणार, हे मला मान्य नाही. मी सत्तरी ओलांडली आहे आणि धुऊन धुऊन मऊ झालेले सुती पातळ मला मनापासून आवडते. आपल्या हवेत रेशीम सांभाळणे किती कठीण आहे हे तुम्हांला मी सांगायला नको. पावसाळ्यात बंद कपाटातल्या साडीवरही भुरी चढते, जर काळी पडते, आणि इस्त्रीची साडी घरातून अंगणात जाईपर्यंत मरगळते. चैत्र-वैशाखातल्या घामात गडद रेशमी कापड अंगावर नकोसे होते. हलके सूत ही इथल्या हवेची गरज आहे, आणि ती गरज मी आनंदाने माझी आवड करून घेतली आहे.

दुसरे असे की हल्ली उलट्या दिशेचाही धाक सुरू झाला आहे. पूर्वी बाईला वय झाल्यासारखे वागायला लावत असत. आता वय दिसताच कामा नये असा आग्रह असतो. मे महिन्यात आणि गणपतीला मुंबईहून येणारी आमची लेकरे प्रेमानेच सांगतात की आई, केस रंगव, जरा झगमगीत काही घाल, फोटोत उठून दिसशील. मी केस रंगवणे सोडले तेव्हा घरात जेवढी समजावणी झाली, तेवढी माझ्या कोणत्याच साडीवरून झाली नव्हती. पिकलेले केस, पांढरे पातळ आणि बारीक कुंकू यांत मी जशी आहे तशी दिसते. उठून दिसणे म्हणजेच आत्मविश्वास असे ठरवून टाकलेत, तर माझ्यासारख्यांनी कुठे जायचे?

दर्याची लेक (हर्णै)

दोघींचे वाचले. भडक रंग म्हातारपणी शोभत नाहीत ही समजूत साऱ्या किनाऱ्याची नाही, काही घरांची आहे, हे आधी लिहिले पाहिजे. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो तेव्हा येऊन पाहा. आमच्या सत्तरीच्या आया-आज्या हिरव्यागार नाही तर लालभडक लुगड्याचा कासोटा घट्ट मारून, अंबाड्यात फुले आणि कानात सोने घालून वाळूत उभ्या असतात आणि सुरमईचा, पापलेटचा भाव पाडून घेतात. त्यांना कोणी साधे राहायला सांगत नाही. जिच्या कनवटीला रोजची रोकड असते, तिला साडीचा रंग शिकवण्याची छाती कोणाची होत नाही, असे मी लहानपणापासून पाहते आहे. ज्या साडीचे पैसे दुसरा देतो, त्या साडीचा रंगही बहुधा तोच निवडतो.

राजापूरकर

मी थोडे वेगळे मत मांडतो, राग नसावा. माणूस एकटा राहत नाही, त्यामुळे कपडे हे केवळ अंगावर घालणाऱ्याचे नसतात. देवळातला उत्सव, बारसे, उत्तरकार्य या प्रत्येक ठिकाणची एक रीत असते आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे पाहून पुढची पिढी ती शिकते. माझे वडील गेल्यापासून आई साध्या साडीतच असते. ती कार्याला आली की चार माणसे आपोआप उठून उभी राहतात. हा मान तिच्या साधेपणाने मिळवलेला आहे, आणि तो घालवण्याचा सल्ला तिला कोणी देऊ नये असे मला मनापासून वाटते. विधवांवरची सक्ती वाईटच होती. परंतु सक्ती गेली म्हणून मर्यादाही जावी, असे होत नाही.

सुरंगी (वेंगुर्ले)

राजापूरकर, माणसे उभी राहतात ती तुमच्या आईंनी आयुष्यभर जे केले त्यासाठी. उद्या त्या मोरपिशी साडीत आल्या तर तीच माणसे बसून राहतील, असे तुम्हांला खरोखर वाटते का? आणि तसे होणार असेल, तर तो मान आईंचा कधी नव्हताच. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. नऊवारी सोडून बायका गोल पाचवारी नेसू लागल्या तेव्हाही घरोघरी मर्यादेवरूनच कुरकुर झाली होती. आज तीच पाचवारी आपण मर्यादेचे माप म्हणून पुढे करतो.

माई, केसांविषयी तुम्ही लिहिलेत ते मला शंभर टक्के पटले, आणि झगमगाटाची सक्ती मलाही नको आहे. माझा प्रश्न तुमच्या पांढऱ्या पातळाविषयी नसून, ते न नेसण्याची मोकळीक तुम्हांला आहे का, याविषयी आहे. ती मोकळीक असेल तर पांढरे पातळ ही खरी निवड. दर्याच्या लेकीने पैशाचे जे सांगितले ते माझ्या मांडणीत राहून गेले होते, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे.

कातरवेळ (चिपळूण)

मी बरीच वर्षे बायकांचे कपडे शिवते. तुमची सगळी चर्चा रंगावर चालली आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या बायका मात्र वेगळेच बोलतात. खांदा आखडला की पाठीमागचे हूक लावता येत नाहीत, सुनेला हाक मारावी लागते, आणि त्याचीच त्यांना लाज वाटते. म्हणून मी हूक पुढे घेते, मुंढा सैल ठेवते, परकराला नाडीऐवजी रुंद पट्टा लावते आणि आत रुमाल-गोळ्यांपुरता खिसा शिवते. साडीची उंचीही बघावी लागते, कारण पावसात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि निऱ्या पायात आल्या तर हाड मोडते. कित्येकींना कुर्ता आणि सलवार हवी असते, पण गावात घालून कसे फिरायचे म्हणून त्या कापड घडी घालून परत नेतात. मदतीवाचून कपडे घालता आले की बाईची चालच बदलते. रंगाचे नंतर पाहू, असे मला वाटते.

माई (गुहागर)

चिपळूणच्या ताईंनी पुढच्या हुकांचे सांगितले, त्याबद्दल त्यांचे आभार. मला ते कोणी सुचवले नव्हते. सुरंगीताई, मोकळीक आहे का असे तुम्ही विचारलेत. माझ्या घरात आहे, देवळात नाही, आणि एवढे कबूल करूनही मी जांभळे नेसणार नाही, कारण तो रंग मला तरुणपणीही आवडत नव्हता. तुम्ही मात्र नेसा आणि माझ्यासमोर कोणी तुम्हांला बोलले तर मी गप्प बसणार नाही.

राजापूरकर, एवढ्या लिखाणात तुमच्या आईंना काय आवडते हे कुठेच आलेले नाही. यंदा गणपतीची साडी घ्यायची असेल तेव्हा त्यांना बरोबर न्या, पैसे आधीच त्यांच्या हातात द्या, आणि त्या काय उचलतात ते पाहा.