जागा रिकाम्या आणि माणसंही रिकामी, असं कसं?

उगाचच:
बेसिक डाउट आहे, हसू नका. कंपन्या म्हणतात माणसं मिळत नाहीत आणि इकडे लोक वर्ष वर्ष घरी बसून. माल खपला नाही की भाव उतरतो ना, मग पगार थोडे उतरले की सगळ्यांना काम मिळायला हवं. तसं का होत नाही? की सगळा दोष मशीन आणि एआयचा?

चष्मिस:
मशीनवर सगळं ढकलू नका राव. अमेरिकेत १९७० नंतर एटीएम वाढत गेली तरी बँकेतले कॅशियर पुढे बरीच वर्षं कमी झाले नाहीत, कारण ब्रँच चालवायला माणसं कमी लागायला लागली तशा बँकांनी ब्रँचच जास्त उघडल्या. अर्थात ज्याचं काम जातं त्यालाच नवीन मिळतं असं नाही, पन्नाशीतल्या वेल्डरला कोडिंग शिक म्हणणं सोपं आहे..
मोठा फटका बसतो तो मागणी आटली की. १९३३ला अमेरिकेत साधारण चारातला एक बेकार होता, कारखाने जागेवर, कारागीर जागेवर, माल घेणारं गिऱ्हाईकच नाही. आणि एकाचा पगार म्हणजे दुसऱ्याचा गल्ला, सगळ्यांचेच कापले तर घेणार कोण?

बिनकामाचा_एचआर:
मुळात पगार उतरतच नाहीत हो. पगार कापला की चांगली माणसं आधी सोडून जातात आणि उरलेले तोंड पाडून काम करतात, त्यापेक्षा मॅनेजमेंटला चार जण काढणं परवडतं. फोर्डने १९१४ला दिवसाला ५ डॉलर केले ते काय दानधर्म म्हणून नव्हे, माणसं टिकत नव्हती.
बाकी जागा रिकाम्या का, तर योग्य माणूस शोधायला दोघांनाही वेळ लागतो, यावरच्या कामाला २०१०चं नोबेल आहे. त्यात सीव्हीत मोठी गॅप दिसली की पुष्कळ ठिकाणी फाइल उघडतच नाहीत, म्हणजे बेकार राहिल्यामुळेच अजून बेकार.

उगाचच:
@बिनकामाचा_एचआर हे गॅपचं लईच डेंजर आहे. मग शोधून शोधून कंटाळलेला माणूस कशात मोजतात?

चष्मिस:
बेकारांत तरी नाही. काम शोधत असेल तरच बेकार, शोधणं सोडलं की आकड्यातून बाहेर, त्यामुळे कधी कधी दर कमी झाला म्हणून लोक खूश आणि प्रत्यक्षात माणसं नाद सोडून बसलेली.

तिरपागडा:
सरकारी निर्णय विसरलात सगळे. महागाई मोडायला अमेरिकेत व्याजदर चढवले, १९८२च्या शेवटी बेकारी १०.८ टक्के. कर्ज महागलं की धंदेवाले आधी भरतीच थांबवतात.