मदत हवी आहे: ग्लास उलटा केला की सरबत सांडतंच (रविवारच्या आत उत्तर हवं)

चकवा (गुरुवार, रात्री १०:०५)
मंडळी, घाईत आहे. ग्लासात सरबत ओतायचं, फुंकर मारायची, ग्लास उलटा करायचा आणि एक थेंबही पडत नाही, ही जादू करतोय. व्हिडिओत दाखवलंय तसं सगळं केलं. पावडर आधीच तळाशी टाकून ठेवली, ओतलं, थांबलो, उलटा केला. सगळं मांडीवर. तीनदा केलं, तीनदा तेच. दुसऱ्या वेळेस सोफ्यावर, आणि त्यावरून घरात जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. भाचीने सोसायटीतल्या पोरींना सांगून ठेवलंय की मामा जादू करतो. मामाला पत्त्यांच्या दोन जादू येतात, त्या दोन्ही तिला पाठ आहेत. काय चुकतंय?

फुलपात्र
कसली पावडर? किती? किती वेळ थांबलात? 'सगळं केलं' म्हणजे नक्की काय केलं?

तात्या_सदाशिव
पावडरबिवडर सोडा. काठोकाठ भरलेला काचेचा पेला घ्या, वर जुनं पोस्टकार्ड ठेवा, तळहाताने दाबून उलटा करा, हात काढा. पाणी जागच्या जागी. हवेचा दाब! आमच्या शाळेत मास्तरांनी वर्गात उलटा पेला घेऊन बाकांमधून फेरी मारली होती. पन्नास वर्षं झाली, अजून डोळ्यांसमोर आहे.

चकवा
तात्या, पोस्टकार्ड दिसतं ना. पोरी एका हातावर बसणार आहेत, टेबलाभोवती. शिवाय ही जादू त्यांच्या शाळेत झालेली आहे.
फुलपात्र, डायपरमधली पावडर. नवा डायपर (हे विचारणार होतात म्हणून आधीच सांगतो). चमचाभर. मिनिटभर थांबलो.

गुळांबा
गोकर्णाच्या फुलांचा निळा चहा करा आणि लिंबू पिळा. क्षणात जांभळा होतो. वर पिताही येतो. माझ्याकडे गच्चीत वेल आहे, कोथरूडला येऊन फुलं घेऊन जा. बी पण देते. रात्रभर भिजवून पेरायचं, आठवड्याभरात कोंब येतो. वेलीला आधार मात्र लागतो, माझी ग्रिलवरून शेजारच्यांच्या एसीवर गेली आणि त्यावरून बोलणं झालं.

बोहरी_आळी
डायपर फाडून काढली म्हणजे निम्मा कापूसच आला असणार. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत गादी ठेवून पिशवीचं तोंड बंद करा, पाच मिनिटं झटका, दाणे तळाशी बसतात. नाकातोंडात जाऊ देऊ नका, हलकी असते आणि घशात चिकटते. चमचाभर म्हणजे पोह्याचा की चहाचा?

चकवा
चहाचा. झटकूनच काढली होती, कापूस फार नव्हता.

खडकवासला_नळ
राहता कुठे? पाणी कुठलं?

चकवा
वाघोली. टँकरचं. त्याचा काय संबंध?

खडकवासला_नळ
तोच तर संबंध. टँकर म्हणजे बहुधा बोअरचं पाणी, त्यात कॅल्शियम भरपूर. कॅल्शियम असलं की ही पावडर नीट फुगत नाही. पेठेतल्या नळाचं पाणी वापरा, धरणाचं आहे, मऊ आहे. मी तर म्हणतो दोन बाटल्या भरून न्या.

अर्धा_कप
झालं, पेठेतलं पाणीसुद्धा श्रेष्ठ. तरी म्हटलं अजून कोणी आलं कसं नाही.

खडकवासला_नळ
श्रेष्ठ म्हणालोच नाही. मऊ म्हणालो. साबणाचा फेस करून बघा वाघोलीत आणि नारायण पेठेत.

नाणं_गायब
हौशी जादूगार आहे, म्हणून थोडं वेगळं. पावडर चालेल, तुमची जादू मात्र पडेल, कारण तुम्ही 'थांबलो' असं लिहिलंय. समोर पोरी असताना मिनिटभर ग्लासाकडे बघत बसलात तर सगळ्या ग्लासाकडेच बघणार. त्या वेळात गोष्ट सांगा. ओतल्याबरोबर ग्लासावरून नजर काढा आणि एखादीला विचारा, "तुझी वेणी किती दिवसांत धुतेस?" सगळे तिच्या डोक्याकडे बघतील, मग ग्लास तिच्या डोक्यावर न्या, आणि तिला कळेल की पुढे काय होणार आहे. ती किंचाळते तेव्हाच अर्धी जादू झालेली असते. उलटा करणार हे आधी सांगायचं नाही. आणि "परत दाखव" म्हटलं तरी परत नाही.
दुसरं, ग्लास पारदर्शक नको. पण स्टीलचाही नको, गुळगुळीत असतो, गोळा आख्खा घसरून खाली येतो. कागदी कप बरा.

चकवा
स्टीलचाच होता! पण गोळा नाही पडला हो, पाणीच पडलं. म्हणजे पाणीदार काहीतरी. शेवाळ्यासारखं.

तात्या_सदाशिव
पोस्टकार्डला अजून कोणी उत्तर दिलं नाही. पेला काठोकाठ भरलेला असणं महत्त्वाचं.

फुलपात्र
तात्या, काठोकाठ नसला तरी चालतं. अर्धा पेला घेऊन बघा. कार्ड किंचित खाली झुकतं, आतल्या हवेचा दाब तेवढा कमी होतो आणि बाहेरचा पुरून उरतो. कडेला पाण्याचा पृष्ठताण फट बंद ठेवतो. बाहेरची हवा जवळजवळ दहा मीटर उंच पाण्याचा खांब तोलू शकते, तिला तुमचा वीतभर पेला काय जड?

तात्या_सदाशिव
पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे दहा मीटर भरणार नाही.

फुलपात्र
म्हणून 'जवळजवळ' लिहिलं. साडेनऊच्या पुढे भरतं. पेल्याला पुरे.

मंगळागौर७
पृष्ठताणावरून आठवलं. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध प्यायला तो दिवस. आमच्या गल्लीत रांग होती, मी पण चमचा घेऊन गेले होते, आणि खरंच, माझ्या चमच्यातलं दूध गेलं. नंतर दुधात रंग घालून दाखवलं की ते मूर्तीवरून पातळ थरात खाली ओघळतंय. पण त्या क्षणी हातातला चमचा रिकामा होताना जे वाटलं ते वेगळंच. घरी आल्यावर आमच्या आजोबांनी चमचा पितळी उंदराला लावला. तोही प्यायला. आजी दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

अर्धा_कप
अवांतर इथे थांबवा, नाहीतर रविवारपर्यंत हेच चालेल. धागाकर्त्याचे कपडे अजून ओले आहेत.

रसायनी (शुक्रवार, सकाळी ७:४०)
रात्री वाचलं, तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. पेठ, वाघोली, स्टील सगळं ठीक. सरबत कसलं?

चकवा
लिंबाचं. साधं घरचं.

रसायनी
मीठ?

चकवा
अर्थात. मिठाशिवाय लिंबू सरबत असतं का?

रसायनी
सापडलं. व्हिडिओत साधं पाणी असणार.
ही पावडर म्हणजे सोडियम पॉलिॲक्रिलेट. लांबलचक साखळ्या असतात, त्यांना चिकटून सोडियम. आत खार जास्त, बाहेर कमी, म्हणून पाणी आत शिरतं आणि साखळ्या फुगतात. बाहेरच्या पाण्यातच मीठ विरघळलेलं असेल तर पाण्याला आत ओढणारं फारसं काही राहत नाही. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तोच प्रकार. शुद्ध पाणी ही पावडर स्वतःच्या वजनाच्या काहीशे पट पिते. सलाइनइतकं खारं पाणी असेल तर साधारण तीस ते पन्नास पट, बस. वर तुमच्या लिंबाचं आम्ल, त्याने साखळ्या आणखी आखडतात. बोअरचं कॅल्शियम तिसरं. तुम्ही तिन्ही शत्रूंना एकाच ग्लासात जेवायला बोलावलंत.

तात्या_सदाशिव
एक मिनिट. मग बाळाची शू खारट नसते का? डायपर कसा चालतो?

रसायनी
तात्या, आज पहिल्यांदाच मुद्द्याचं विचारलंत. असतेच खारट. म्हणून डायपरमध्ये पावडर हात राखून घातलेली नसते, शिवाय शू एका दमात ग्लासभर येत नाही. इथे चहाचा एक चमचा, ३-४ ग्रॅम, आणि त्यावर आख्खा ग्लास. किती ओतलं होतंत, चकवा?

चकवा
भरून. पाऊण तरी. कमी ओतलं तर जादू काय?

नाणं_गायब
अहो, किती ओतलं ते बघणाऱ्याला कळत नाही, ओतताना जग किती वेळ वाकडा होता ते कळतं. उंचावरून बारीक धार धरा. पाव ग्लास ओतलंत तरी भरल्यासारखं वाटतं.

खडकवासला_नळ
कॅल्शियम मीच आधी म्हणालो होतो, एवढी नोंद असू द्या.

गुळांबा
मग बिनमिठाचं सरबत करा. साखरेने काही होत नाही ना?

रसायनी
नाही. साखर विरघळली तरी मिठासारखे तिचे आयन (विजेचा भार असलेले कण) होत नाहीत. वाळ्याचं किंवा गुलाबाचं सरबत घ्या, मीठही नाही, लिंबूही नाही, आणि रंग छान दिसतो. फिल्टरच्या पाण्यात पातळ करा. पोरींना आधी त्याच जगातून प्यायला द्या, म्हणजे जगावर कोणाचा संशय येणार नाही. पण पावडरीचा कप वेगळा, खूण केलेला, आणि तो कोणाच्याही तोंडाला लागता कामा नये. जादू झाली की लगेच उचला. सिंकमध्ये ओतू नका, पाइपात फुगून बसते. भरपूर मीठ टाकून ढवळा, पाणी सुटेल, उरलेला चोथा कचऱ्यात.

अर्धा_कप
वाळ्याच्या सरबतातसुद्धा चिमूटभर मीठ घालतात.

गुळांबा
कोण घालतं?

अर्धा_कप
आमच्याकडे घालतात.

गुळांबा
तुमच्याकडे पन्ह्यात जिरं पण घालत असतील.

बोहरी_आळी
चहा वापरला तर? चहा कोणीही ओतून देईल, संशय नाही.

रसायनी
दुधाचा चहा नको, दुधात कॅल्शियम असतंच. शिवाय गरम चहा पोरीच्या डोक्यावर उलटा धरायचा? चुकून फसलं तर?

चकवा (शुक्रवार, रात्री ११:२०)
आत्ता करून बघितलं. गुलाब सरबत, फिल्टरचं पाणी, कागदी कप, तळाला चमचाभर, वर साधारण पाव कप. वीस सेकंद मोजले. उलटा केला. काहीही पडलं नाही!! बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, डायपर कुठून आला?

मंगळागौर७
अभिनंदन. आता रविवारी भाचीच्याच डोक्यावर धरा, दुसऱ्याच्या मुलीवर प्रयोग नको.

चकवा (सोमवार, सकाळी ९:१५)
वृत्तांत. वेणीचा प्रश्न विचारला, पोरी हसल्या, भाचीच्या डोक्यावर कप उलटा केला. शांतता. मग जो आरडाओरडा झाला त्याने खालचे वॉचमन वर आले. इथपर्यंत रसायनी आणि नाणं_गायब दोघांचे पाय धरतो.
पण पुढच्या रांगेत एक सात वर्षांची होती. ती ओरडली नाही. म्हणाली, "गेलं कुठे? परत आण." नाणं_गायब म्हणाले होते परत नाही, पण हे 'परत दाखव' नव्हतं, हे 'परत आण' होतं. काय करणार? काकडीसाठी टेबलावर मिठाची वाटी होती. मूठभर 'मंतरलेली साखर' म्हणून कपात टाकली, चमच्याने ढवळत पाढे म्हणायला लावले. सत्तावीसच्या पाढ्यापर्यंत सुटलं. वाटीत ओतलं तर सरबत आलं खरं, पण गुलाबी, गाळगाळ, शेंबडासारखं. सगळ्या "ईईई" करून पळाल्या आणि पाच मिनिटांनी परत आल्या, ते बघायला. जादूपेक्षा त्याचंच कौतुक जास्त झालं. ती सात वर्षांची शेवटपर्यंत वाटीपाशी बसून होती.

नाणं_गायब
हे मी कधी करून बघितलं नव्हतं. पुढच्या वेळी चोरणार.

तात्या_सदाशिव
सत्तावीसचा पाढा आजकालच्या पोरींना येतो?

चकवा
नाही येत तात्या. म्हणून तर वेळ मिळाला.

नवा_सभासद (सोमवार, रात्री १०:५०)
छान धागा. मी पण करून बघितलं, पण माझं सांडलं. काय चुकलं असेल?

फुलपात्र
कसली पावडर? किती? कशात?

नवा_सभासद
सगळं वर लिहिलंय तसंच. ताकात.