शब्दचर्चा : ‘पिटबुल प्रजातीचे कुत्रे’

खानापूरकर : कुत्रं चावल्याची बातमी आली की ‘अमुक प्रजातीचे कुत्रे’ असं हमखास छापतात. आमच्याकडे बोलताना ‘जातीचं कुत्रं’ म्हणतात, कन्नड पेपरात ‘तळि’ असतं. मराठीत लिहायचं काय?

निपाणीकर : प्रजाती नक्कीच नको. शाळेच्या विज्ञानात कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड आहे. त्या हिशेबाने कुत्रा, लांडगा आणि कोल्हा हे सगळे एकाच प्रजातीत! खिलार जातीचा बैल म्हणतो तसं सरळ ‘जात’ लिहावं. शास्त्रातली जाती वेगळी, पण वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही. ‘वाण’ मला बियाण्याचा वाटतो.

टिळकवाडी : जात ठीक, पण ती ठरवली कुणी? आई-बापाची नोंद असेल तर जात म्हणा. बातमीत बहुतेक वेळा शेजाऱ्याचा किंवा पोलिसाचा अंदाज असतो. आपल्याकडे लांब पायांचं, बारीक कंबरेचं कुठलंही कुत्रं दिसलं की लोक ‘मुधोळ’ (आपल्याकडची शिकारी जात) म्हणून मोकळे होतात, जुने लोक त्यालाच ‘कारवान’ म्हणतात. फ्लोरिडातल्या चार निवाऱ्यांत १२० कुत्र्यांवर एक अभ्यास झाला, २०१५ साली छापून आला. ओळखणारे तिथलेच कर्मचारी, त्यांत पशुवैद्यही. डीएनएत पिटबुलचा अंश नसलेल्या दर तिघांतल्या एकाला कुणी ना कुणी पिटबुल ठरवलंच, आणि अंश असलेल्या पाचांतलं एक कुणालाच ओळखता आलं नाही. रोज कुत्री हाताळणाऱ्यांची ही गत. म्हणून मी ‘पिटबुलच्या ठेवणीचं’ लिहीन. ब्रिटनचा धोकादायक कुत्र्यांबद्दलचा १९९१चा कायदाही जात न म्हणता ‘टाइप’ म्हणतो, म्हणजे ठेवणच.

शहापूर गल्ली : ज्याला चावलं त्याला ठेवण काय नि वंश काय! जबडा मोठा असला की भीती असणारच की.

टिळकवाडी : मग जबडा मोठा, अंगापिंडानं दांडगं, असं लिहा ना. ते डोळ्यांना दिसतं. स्वभाव दिसत नाही. २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांची माहिती तपासली, तेव्हा स्वभावातल्या फरकापैकी साधारण ९ टक्केच जातीवरून उलगडला.

निपाणीकर : ‘ठेवण’ आवडला. दागिन्याची, चेहऱ्याची असते तशी कुत्र्याचीही. पण मथळ्यात ‘पिटबुलच्या ठेवणीच्या कुत्र्याचा हल्ला’ कोण छापणार?

टिळकवाडी : मथळ्यात ‘पाळीव कुत्र्याचा हल्ला’ पुरे. वाचकाला आधी तेच हवं असतं, पाळलेलं की मोकाट.

खानापूरकर : आणि ‘क्रॉस’ला? केंद्राच्या १२ मार्च २०२४च्या परिपत्रकात पाळायला धोकादायक ठरवलेल्या २३ जातींबरोबर त्यांचे संकरही होते. ते आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच एप्रिलमध्ये रद्द केलं म्हणा, पण शब्द उरलाच.

निपाणीकर : दोन्ही बाजू माहीत असतील तरच ‘संकरित’. नाहीतर सगळी गावठीच. गल्लीतल्या तांबड्या कुत्र्याला संकरित म्हणायचं तर कुणाकुणाचा, हे कोण सांगणार?